नौकाविहार

माझी मुलगी आणि जावई नोकरीच्या निमित्ताने नॉर्वेत असतात. दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात ते नातीला घेऊन गाइरांगरला जाऊन आले. तिथे फियॉर्ड आहे. म्हणजे समुद्राचा एक अरुंद, खोल फाटा डोंगरांच्या पोटात शिरलेला, दोन्ही बाजूंना सरळसोट कडे, कड्यांवरून पडणारे धबधबे, आणि मधून बोट जाते. जवळपास पंधरा किलोमीटर आत. २००५ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारशाच्या यादीत घातलं. मुलीने फोटो पाठवले, चाळीसएक तरी असतील. शेवटी नातीचा आवाज: "आजोबा, तुमच्याकडे असं आहे का?"

मी चौतीस वर्षं शाळेत शिकवलं. आधी वेल्ह्याकडे, मग भोर तालुक्यात. विषय मराठी आणि भूगोल. प्रश्न आला की उत्तर द्यायचं, ही खोड निवृत्तीनंतरही जात नाही. लगेच कळवलं, "आहे. तू ये, दाखवतो."

कळवून टाकलं आणि मग विचारात पडलो. भोर-वेल्ह्याला समुद्र कुठला? वरंधा घाट उतरून महाडला गेलं तर सावित्री, आणि सावित्रीच्या तोंडाशी बाणकोटची खाडी. ती दाखवता आली असती. पण माझे गुडघे आणि घाटातली वळणं यांचं आता जमत नाही. शिवाय मनात दुसरंच पाणी होतं. आमच्या घरापासून अर्ध्या तासावर असलेलं भाटघर धरणाचं.

तुम्ही म्हणाल, धरण ते धरण, खाडी ती खाडी. मास्तर, उगीच ओढूनताणून जुळवू नका. पण जुळतं हो. भूगोलात एक शब्द आहे, 'बुडालेली दरी'. फियॉर्ड म्हणजे हिमनदीने कोरलेली आणि मग समुद्राने बुडवलेली दरी. कोकणातल्या बाणकोट, दाभोळ, जयगडच्या खाड्या म्हणजे नद्यांनी कोरलेल्या आणि समुद्राने बुडवलेल्या दऱ्या. साधारण वीस हजार वर्षांपूर्वी पृथ्वीवर इतका बर्फ होता की समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. बर्फ वितळला, समुद्र वर चढला, दऱ्यांमध्ये शिरला. भाटघरला पाणी चढलं ते वेळवंडी नदीचं आणि चढवलं ते माणसांनी. नकाशावर आकार मात्र तोच दिसतो. मधे एक लांब पट्टा आणि त्याला दोन्ही बाजूंना बोटांसारखे फुटलेले फाटे, जिथे जिथे ओढा येऊन मिळत होता तिथे तिथे. वर्तमानपत्रवाले त्याला फुगवटा म्हणतात, पुण्याचे लोक बॅकवॉटर म्हणतात.

एक फरक मात्र आहे, आणि आजचं लिहिणं त्या फरकाबद्दल आहे.

गेल्या डिसेंबरात मंडळी आली. आम्ही सकाळी निघालो. मी, सौ., मुलगी, जावई आणि नात. धरणाच्या काठाकाठाने जाणाऱ्या रस्त्याने पुढे गेलो आणि ओळखीच्या एका माणसाची होडी ठरवली. तो मासेमारी करतो, होडीला मागे इंजिन आहे. जावयांनी पुण्याहून येतानाच सगळ्यांसाठी लाइफ जॅकेटं भाड्याने आणली होती. मला ते नारिंगी जॅकेट घालताना जरा संकोच वाटला. लहानपणी याच पाण्यावरून मी शेळ्यांच्या आणि भाताच्या पोत्यांच्या मधे बसून गेलो आहे. पण घातलं.

डिसेंबरात पाणी भरपूर असतं. थंडी होती, पाण्यावरून वाफ निघत होती. डोंगरांवरचं गवत पिवळं पडलेलं, भाताची कापणी झालेली, खाचरं रिकामी. पाणकावळे पंख पसरून वाळलेल्या झाडांच्या शेंड्यांवर बसले होते. उत्तरेला डोंगरांच्या मागून राजगडाचा बालेकिल्ला डोकावत होता. आम्ही भोरकर राजगड मागच्या बाजूने पाहतो. पलीकडे वेल्ह्याच्या अंगाला गुंजवण्याची वाट, आणि अलीकडे भुतोंड्याकडून आळू दरवाजाने चढणारी वाट. पुढे डोंगर जवळ आले, पाणी अरुंद झालं. वळसा घेतला की मागचं सगळं झाकून जायचं आणि आपण कुठून आलो तेच कळायचं नाही. जावई म्हणाले, "बाबा, खरंच की. गाइरांगरचा लहान भाऊ." मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, छाती फुगली.

मग होडीवाल्याने इंजिन बंद केलं. होडी नुसतीच तरंगत राहिली. तो म्हणाला, "गुरुजी, हितं खाली देऊळ हाय."

नात एकदम वाकून पाण्यात बघायला लागली. काही दिसत नव्हतं. हिरवट काळं पाणी, बस्स.

ते देऊळ कांबरेश्वराचं. वेळवंड खोऱ्यातल्या कांबरे गावचं. पांडवांनी बांधलं असं लोक सांगतात. मोठमोठ्या दगडांचं जुनं महादेवाचं देऊळ आहे. वर्षातला बहुतेक काळ ते धरणाच्या पाण्याखाली असतं आणि उन्हाळ्याच्या शेवटी पाणी उतरलं की वर येतं. मग गावचे लोक गाळ काढतात, दिवा लावतात, लांबून माणसं दर्शनाला येतात. पाऊस लागला की देव पुन्हा पाण्यात.

कांबरे हे माझं आजोळ. आमच्या नात्यातली जी मंडळी हे वाचतात त्यांना हे माहीत आहे, पण पुढचं बहुधा नाही. लहानपणी मी आजोळी जायचो ते फक्त मे महिन्याच्या सुट्टीत. त्यामुळे देऊळ पाण्यात असतं हे मला सातव्या-आठव्या वर्षापर्यंत ठाऊकच नव्हतं! माझ्या मते गाव असंच होतं. वर घरं, खाली उतरलं की भेगाळलेली काळी जमीन, तिच्यात कुठे दगडी जोतं, कुठे एखादं उखळ, आणि मधे देऊळ. आम्ही मामेभाऊ देवळात लपाछपी खेळायचो. एका वर्षी कसल्याशा लग्नाला दिवाळीनंतर जाणं झालं. मी होडीतून उतरून धावत सुटलो आणि बघतो तर नुसतं पाणी. मी भोकाड पसरलं. आजी म्हणाली, "रडतोस काय? आहे खाली. येईल वर."

आजी त्या गावात सून म्हणून आली तेव्हा घर खाली होतं. धरण तसं आधीही होतं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्रजांनी भाटघरला पहिलं धरण बांधलं, त्या तलावाला व्हायटिंग साहेबाचं नाव दिलं. मग ते अपुरं वाटलं म्हणून मोठं धरण घातलं, ते १९२७-२८ च्या सुमारास पुरं झालं. त्याला मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांचं नाव. सिंधमधल्या सक्करच्या बंधाऱ्यालाही याच लॉइड साहेबांचं नाव दिलं होतं. सुमारे साडेतेवीस टीएमसी पाणी मावतं इथे, म्हणजे पानशेत आणि वरसगाव दोन्ही मिळून जेवढं मावतं जवळपास तेवढं. एवढं पाणी राहणार कुठे? आजीच्या अंगणात. तेव्हा घरं वर सरकली. आजी सांगायची, माणसं डोक्यावर पत्रे-वासे घेऊन चढ चढत होती आणि म्हातारी माणसं खालीच बसून होती, पाणी येईल तेव्हा बघू म्हणत. 'पुनर्वसन' हा शब्द तिला मरेपर्यंत माहीत नव्हता. आपल्या राज्यात प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा झाला १९७६ साली. भाटघरला पाणी चढलं त्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षांनी. पलीकडच्या मुळशीत १९२१ साली सेनापती बापटांनी सत्याग्रह केला, म्हणून मुळशीचं नाव इतिहासात तरी राहिलं.

आता तो फरक सांगतो. गाइरांगरची दरी समुद्राने बुडवली तेव्हा तिथे विचारायला कोणी नव्हतं. आमची दरी बुडाली तेव्हा तिच्यात माणसं राहत होती आणि त्यांची नातवंडं आजही वरच्या अंगाला राहतात.

होडी तरंगत असताना मुलीने एक गोष्ट सांगितली, ती माझ्या डोक्यातून जात नाही. गाइरांगरच्या कड्यांवर, अगदी उंचावर, जुनी शेतघरं आहेत. आता तिथे कोणी राहत नाही. स्कागेफ्लो नावाचं एक घर १९१६ पासून ओस पडलं आहे. बोट त्या घराखाली आली की बोटीवरचा माणूस कर्ण्यावरून सांगतो, की हे अमुक घर, इथे इतकी माणसं राहत, लहान मुलं कड्यावरून पडू नयेत म्हणून त्यांना दोरीने बांधून ठेवत. वर जायला शिडी होती आणि करवसुलीचा अधिकारी येताना दिसला की शिडी वर ओढून घेत, असंही सांगतात. सगळी बोट हसते. १९९३ साली नॉर्वेच्या राजाराणीने आपल्या लग्नाचा पंचविसावा वाढदिवस त्या ओसाड घरी जाऊन साजरा केला. म्हणजे त्या लोकांनी नुसता देखावा दाखवला नाही. कोण राहत होतं ते सांगितलं, घराचं नाव सांगितलं. ऐकून माझ्या मुलीला देखावा कमी सुंदर वाटला का? उलट चाळीस फोटोंतले निम्मे त्या घरांचेच होते.

आणि आपल्याकडे? आमच्या होडीवाल्याने तरी सांगितलं, कारण त्याच्या होडीत त्याच गावचा भाचा बसला होता. दुसरं कोणी असतं तर त्याने इंजिन बंद केलं नसतं. मी त्याला विचारलं, "येणाऱ्या लोकांना सांगतोस का रे हे?" तो म्हणाला, "कोन इचारतंय गुरुजी? त्यांना फोटो पायजे, आन् मोबाईलला रेंज."

त्याला कशाला नावं ठेवू? मी स्वतः काय केलं ते सांगतो.

सहामाही परीक्षेत भूगोलाचा एक ठरलेला प्रश्न मी वर्षानुवर्षं काढला. 'धरणाचे पाच फायदे लिहा.' अपेक्षित उत्तर असं: सिंचन, पिण्याचे पाणी, वीजनिर्मिती, मत्स्यव्यवसाय, नौकाविहार. प्रत्येकी एक गुण. मुलं पाठ करून यायची. एका वर्षी पाण्यापलीकडच्या गावातल्या एका मुलाने चार फायदे नीट लिहिले आणि पाचवा लिहिला, 'धरणामुळे आम्हाला होडीतून शाळेत यावे लागते.' मी लाल शाईने खुणा केल्या, 'हा फायदा नाही', आणि गुण कापला. पाचापैकी चार.

तेव्हा मला ते उत्तर गमतीचं वाटलं होतं. शिक्षकांच्या खोलीत मी ते वाचूनही दाखवलं. आज वाटतं, त्या मुलाने 'नौकाविहार'च लिहिलं होतं. त्याच्या घरी त्याला जे म्हणत होते त्या शब्दांत. पहाटे उठून, दप्तर प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून, वाऱ्याच्या दिवशी जीव मुठीत धरून. पाऊस जास्त झाला की होडी बंद, शाळा बंद, आणि हजेरीपटावर मी लावलेला 'गै'. मी स्वतः त्या खोऱ्याचा भाचा. माझ्या वर्गात बसलेल्या कितीतरी मुलांच्या पणज्यांची जोती त्या पाण्यात होती. चौतीस वर्षांत एकदाही मी फळ्यावर धरणाचं चित्र काढताना त्यांना विचारलं नाही, की पोरांनो, तुमचं घर आधी कुठे होतं? धरण म्हणजे एक काळा त्रिकोण आणि त्यामागे निळ्या खडूचं पाणी. पाण्याखाली मी कधी काही काढलंच नाही.

हे सगळं मी घरी बोलून दाखवलं तेव्हा सौ. गप्प होती. मग म्हणाली, "तुमचं खरं आहे. पण ते पाणी नसतं तर माझ्या बापाने मला बारावीपर्यंत शिकवलं नसतं." तिचं माहेर माळशिरस तालुक्यातलं. नीरेच्या उजव्या कालव्यावरचं. भाटघरचं पाणी वेळवंडीतून नीरेत, नीरेतून वीरला आणि तिथून दोन कालव्यांनी खाली जातं. डावा बारामती-इंदापूरकडे, उजवा फलटण-माळशिरसकडे. तो सगळा दुष्काळी पट्टा. १८७६-७७ च्या दुष्काळात माणसांनी तिथे काय भोगलं ते वाचवत नाही. कालवे आले, ज्वारीच्या जागी ऊस आला, साखर कारखाने आले, शाळा-कॉलेजं आली. माझ्या सासऱ्यांच्या शेतातली विहीर कालव्याच्या पाझराने कधी आटली नाही. तेव्हा धरण वाईट असं मी म्हणणार नाही. म्हटलं तर घरात जेवायला मिळणार नाही, हा भाग वेगळा... पण ते खरंही नाही. आमच्या एका घरातच हिशेबाच्या दोन्ही बाजू नांदतात. आजीचं अंगण गेलं आणि बायकोचं माहेर पिकलं. मला एवढंच म्हणायचं आहे, की हिशेबाची जमेची बाजू आपण पाठ करतो, तिला गुण देतो, आणि दुसरी बाजू लिहिली की गुण कापतो.

पाण्यावर हक्क कोणाचा, हा मोठ्यांचा वाद आहे. पण एप्रिल-मेमध्ये पाणी खाली उतरलं की काठावरच्या बायका हंडे घेऊन गाळ तुडवत कुठवर जातात, हे मी डोळ्यांनी पाहत आलो आहे. वर्षभर समोर समुद्रासारखं पाणी आणि वैशाखात घोटभरासाठी वणवण.

वेल्ह्याची गोष्ट याहून वेगळी नाही. मार्च २०२४ मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करायला मान्यता दिली. चांगलंच झालं. त्या तालुक्यातल्या पानशेतच्या जलाशयाला तानाजीसागर म्हणतात, वरसगावच्या जलाशयाला वीर बाजी पासलकरांचं नाव आहे. दोन्ही नावं थोर. पण तानाजीसागराच्या तळाशी कोणकोणती गावं आहेत ते विचारा, पानशेतला शनिवारी-रविवारी गाड्यांची रांग लावणाऱ्यांपैकी एकाला सांगता यायचं नाही. वरसगावच्या पाण्याच्या काठी तर लवासा नावाचं शहर उभं करायला घेतलं, त्याचा नमुना होता इटलीतलं पोर्तोफिनो! समुद्राच्या एका लहानशा खाडीवरचं कोळ्यांचं गाव. रंगीत इमारतींची रांग, समोर पाणी, पाण्यात होड्या. मोसे खोऱ्यातली आपली गावं पाण्याखाली आणि काठावर दुसऱ्यांच्या गावाची नक्कल. पुढे ती कंपनी कर्जात बुडाली आणि २०१८ साली प्रकरण दिवाळखोरीत गेलं. त्यावर मला टीका करायची नाही, ते काम जाणकारांनी केलं आहे. मला फक्त गंमत वाटते, की दृश्य कसं असावं हेसुद्धा आपण बाहेरून आणतो. मीच नाही का, नातीने गाइरांगर दाखवल्यावर भाटघर आठवणारा? तोपर्यंत त्या पाण्याला सुंदर म्हणायचं मला सुचलंच नव्हतं.

तर माझं म्हणणं असं आहे. जा. जरूर जा. म्हातारपणी मी लोकांना फिरू नका सांगणारा नाही. होडीत बसा, वळणं घ्या, राजगड मागून बघा. त्या खोऱ्याला दोन पैसे मिळतात ते मिळू देत. फक्त काही गोष्टी करा.

गावाची होडी घ्या, गावात जेवा. इंद्रायणीचा भात आणि पाण्यातली मासळी यांसारखं जेवण तुमच्या रिसॉर्टला मिळायचं नाही. होडीवाल्याला इंजिन बंद करायला सांगा आणि विचारा, "खाली काय आहे?" त्याला माहीत असतं. विचारणारा भेटला की तो बोलतो. तो बोलला की त्याच्या मुलाच्या कानावर पडतं, नाहीतर आणखी वीस वर्षांनी सांगायलाही कोणी उरणार नाही. मोठ्या आवाजातली गाणी घरी ठेवून या. पाण्याखाली कोणाचा देव आहे, कोणाची चूल आहे.

आणि पाण्याला हलकं समजू नका. हे शिक्षकी उपदेशासारखं वाटेल, वाटू दे. मे २०२२ मध्ये याच भाटघरच्या पाण्यात नऱ्हे गावाजवळ पाच तरुण स्त्रिया बुडून गेल्या. धरणाचा काठ समुद्रकिनाऱ्यासारखा उतरता नसतो. गाळाखाली जुनी ताल असते, खाचराचा बांध असतो. पाऊल एक पुढे टाकलं की गुडघाभर पाण्याचं डोक्यावर होतं. जमीन कशी होती हे ज्याला माहीत नाही त्याला पाणी कसं आहे हे कळत नाही. २१ मे २०२४ ला उजनीच्या पाण्यात कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळात उलटली आणि सहा माणसं गेली. ती माणसं काही सहलीला निघाली नव्हती. पाण्याने तोडलेल्या दोन काठांमधे ती रोजचीच वाट होती. तेव्हा तुम्ही हौसेने जाल तेव्हा जॅकेट घाला, आणि जे रोज जातात त्यांच्या होडीतही जॅकेटं असावीत, काठाकाठाचे रस्ते आणि पूल वेळेवर व्हावेत, यासाठी एखादा शब्द टाकता आला तर टाका. माझ्या विद्यार्थ्याचा तो पाचवा मुद्दा अजून पूर्ण खोडला गेलेला नाही.

जे शिक्षक अजून नोकरीत आहेत आणि हे वाचतात, त्यांना एक विनंती. तो प्रश्न काढा, पण पुढे एक ओळ जोडा. 'तुमच्या घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला विचारून लिहा.' पाठ्यपुस्तकात उत्तर नाही म्हणून घाबरू नका. मी घाबरलो असं नाही, मला सुचलंच नाही, आणि ते जास्त वाईट.

होडीतून परतताना नातीने विचारलं, "आजोबा, ते देऊळ आपण कधी बघायचं?" मी म्हटलं, मे महिन्यात. तिची शाळा तिकडे जूनच्या अखेरीला सुटते. तेव्हा इकडे पाऊस सुरू होऊन देव पुन्हा पाण्यात जायची वेळ. तिची आणि देवाची सुट्टी जुळत नाही, काय करणार! मुलगी म्हणाली, एका वर्षी शाळा बुडवू. मी आयुष्यभर शाळा न बुडवण्याचा उपदेश केलेला माणूस. पण या कारणासाठी माझी हरकत नाही.

येत्या मे महिन्यात आम्ही दोघं कांबऱ्याला जाणार आहोत. सौ.ला जोतं दाखवायचं आहे, लग्नाला इतकी वर्षं होऊन ते राहूनच गेलं. आजोळकडच्या कोणाला यायचं असेल तर कळवा, गाडीत दोन जागा आहेत. चढउताराची चप्पल घाला आणि घरातल्या म्हाताऱ्यांना येण्याआधी विचारून या, की आपलं घर देवळाच्या कुठल्या बाजूला होतं. मला आमचंच नक्की माहीत आहे. बाकीची तुम्ही सांगायची.

असो. पुष्कळ लांबलं.